परिषदेच्या नकाशात पाडा कुठे?

नकाशे करणाऱ्यांच्या परिषदा दरवर्षी भरतात आणि तंत्रही दरवर्षी पुढे जाते. पण ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचायला हवी त्यांची वस्तीच नकाशावर नसेल, तर या तंत्राचा उपयोग कोणाला, हा प्रश्न त्याच सभागृहांत विचारला जायला हवा.

फेब्रुवारी १९५५ मध्ये मसुरीत एक वेगळीच परिषद भरली होती. आशिया आणि अतिपूर्वेकडील देशांतील नकाशातज्ज्ञांना संयुक्त राष्ट्रांनी प्रथमच एकत्र बोलावले होते. अनेक देश नुकतेच स्वतंत्र झालेले. आपल्या भूमीचा किती भाग मोजला गेला आहे आणि कोणत्या प्रमाणावर, एवढे साधे प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे होते. डोंगर उतरून खाली आले की डेहराडून, आणि तिथे १७६७ पासूनची परंपरा सांगणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय. त्यामुळे स्थळाची निवडही साजेशी होती. पुढे सदुसष्ट वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांची दुसरी जागतिक भूमाहिती परिषद हैदराबादेत भरली. ‘कोणीही मागे राहता कामा नये’ हा तिच्या घोषवाक्याचा गाभा होता. मसुरी ते हैदराबाद या प्रवासात साखळी आणि थिओडोलाइट जाऊन उपग्रह, ड्रोन आणि मोबाइल आले. भारतीय नकाशाशास्त्र संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. तिच्यासह दूरसंवेदन आणि भूमाहिती क्षेत्रातील संस्थांची संमेलने आता नेमाने होतात आणि राज्या-विभागांच्या पातळीवरही व्यावसायिक मंडळी जमतात. हे सारे स्वागतार्हच.

पण या परिषदांत सहसा कोण बसलेले असते? मोजणी खात्यातले अधिकारी, प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, संगणक प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी, ड्रोनचे विक्रेते. तालुका आरोग्य अधिकारी तिथे अभावानेच दिसतो. उपकेंद्रातली परिचारिका किंवा पाड्यावरची आशा तर नाहीच. नकाशाशास्त्राने माणसाचे प्राण वाचवल्याची सर्वात गाजलेली गोष्ट मात्र एका डॉक्टरची आहे, आणि ती बहुतेक प्रत्येक परिषदेत कोणीतरी सांगतोच. ती अर्धीच सांगितली जाते, ही अडचण आहे.

लंडनच्या सोहो भागात १८५४ च्या ऑगस्टअखेरीस कॉलऱ्याची साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोग दूषित हवेतून पसरतो, असा त्या काळचा समज. कॉलऱ्याचा जंतू जगाने मान्य करायला अजून तीस वर्षे होती. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांचा माग काढला. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती होती. आठ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. आता उरलेली अर्धी. दांडा काढला तेव्हा स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा तयार झालेलाच नव्हता. तो नंतर, इतरांना पटवून देण्यासाठी काढला गेला. साथही तोवर ओसरू लागली होती आणि हे खुद्द स्नो यांनीच मोकळेपणाने मान्य केले. नकाशावरचे ठिपके पुरेसे नव्हते. त्यांना अर्थ आला तो ठिपके नसलेल्या जागांमुळे. पंपाजवळच्या अनाथाश्रयात पाचशेहून अधिक माणसे राहत होती, पण तिथे मृत्यू अवघे पाच, कारण त्यांची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार बचावले, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. साथीचा मूळ रुग्ण म्हणजे पंपासमोरच्या घरातले एक तान्हे बाळ. ते शोधून काढले हेन्री व्हाइटहेड या स्थानिक पाद्र्याने. स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला तो निघाला होता. त्याला तिथले प्रत्येक घर माहीत होते, कोणाकडे कोण आजारी पडले हे माहीत होते. डॉक्टरची शंका आणि पाद्र्याची ओळखपाळख एकत्र आली तेव्हा नकाशा बोलू लागला.

परिषदांतून निसटतो तो नेमका हा धडा. ठिपके मांडणारा आणि त्या वस्तीत वावरणारा, अशा दोन माणसांची गाठ पडल्याशिवाय नकाशा आरोग्याच्या कामाला येत नाही. आपल्याकडे ही गाठ पडत नाही, म्हणजे काय होते?

तीस जुलै २०१४ ची सकाळ आठवावी. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ही वार्ता बाहेर कळली ती कोणत्या उपग्रहामुळे नव्हे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, त्याने कळवले, तेव्हा यंत्रणा हलली. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, सर्वेक्षणे झाली. नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली आली. जेमतेम पन्नास घरांची आदिवासी वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. वर जायला रस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात पायवाटेने चढली, यंत्रे वर नेता आली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारला विधिमंडळात सांगावे लागले.

ती यादीत का नव्हती, याचे उत्तर भूगर्भशास्त्राइतकेच नकाशाच्या प्रमाणात दडले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे करण्याचा मोठा कार्यक्रम २०१४ मध्ये हाती घेतला आणि तो एकास पन्नास हजार या प्रमाणावर केला. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण या प्रमाणावर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी त्यात तीन मिलिमीटरांत बसते. कुठली डोंगररांग धोक्याची आहे हे असा नकाशा सांगू शकतो. कुठल्या वाडीतली कुठली घरे आधी हलवायची, हे त्याला सांगता येत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. त्यासाठी त्यावर दुसरा, तपशिलाचा थर लागतो. तो थर कोणीच रचलेला नाही.

याचे मूळ आणखी खोल आहे. आपल्या सरकारी कारभारात ‘गाव’ म्हणजे महसुली गाव. जनगणनेचा सांकेतांक महसुली गावाला, आकडेवारी महसुली गावाची, योजनाही त्याच यादीवर. माणसे मात्र वाडीत राहतात, वस्तीवर राहतात, पाड्यावर, टोल्यावर, तांड्यावर राहतात. कोकणात एका महसुली गावाच्या दहा-बारा वाड्या असणे नवलाचे नाही आणि त्या एकमेकींपासून दोन-दोन डोंगर लांब असू शकतात. जनगणनेचा प्रगणक प्रत्येक वाडीत जातो, आपल्या गटाचा नजरी नकाशाही काढतो. पण आकडे प्रसिद्ध होतात तेव्हा वाडी गावात विरघळून जाते. गावातल्या लसीकरणाचे प्रमाण नव्वद टक्के दिसते तेव्हा उरलेले दहा टक्के गावभर विखुरलेले असतात, की एकाच पाड्यावरची सगळी मुले तेवढी राहिलेली असतात, हे त्या आकड्यातून कळत नाही. गोवरासारख्या रोगाच्या दृष्टीने मात्र या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विखुरलेल्या मुलांना भोवतालच्या लसवंतांचे संरक्षण मिळते. एकत्र राहिलेल्या मुलांत साथ पेटते.

हे आपल्याला कळत नाही असे मात्र नाही. पोलिओ मोहिमेत आपण ते करून दाखवले आहे. दारावर खडूने काढलेल्या खुणा अनेकांना आठवत असतील. त्या खुणांमागे हाताने काढलेले हजारो नकाशे होते. कोणत्या गल्लीतून सुरुवात करायची, कुठले घर बंद होते, वीटभट्ट्या कुठे आहेत, बांधकाम मजुरांच्या झोपड्या कुठे पडल्या आहेत, सगळे त्यात असे. बिहारमध्ये कोसी नदीच्या पात्रातल्या वस्त्या दर पुरानंतर जागा बदलत. त्यांच्यासाठी स्वतंत्र आराखडा करावा लागला. पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ तालुके वेगळे काढून त्यांच्यावर भर दिला गेला. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा ठरला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. नायजेरियाच्या उत्तर भागात हेच काम २०१२ पासून उपग्रह छायाचित्रांच्या साहाय्याने झाले. हातच्या नकाशांत कधीच न आलेल्या वस्त्या छायाचित्रांत सापडल्या. लसीकरण पथकांकडे जीपीएस असलेले फोन दिले गेले, त्यामुळे पथक कुठवर गेले आणि कुठली वस्ती राहिली, हे त्याच संध्याकाळी कळू लागले. आफ्रिका खंड २०२० मध्ये नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला, त्यात या नकाशांचाही वाटा होता. मोहीम संपली की असे नकाशे धूळ खात पडतात. आपल्याकडे तेच झाले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले आजही निम्मे वर्ष एका जिल्ह्याच्या यादीत आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात असतात.

अंतर मोजण्याची आपली रीतही अशीच कागदी. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा ठरलेला निकष. केंद्राभोवती कंपासने वर्तुळ काढले की आतली सगळी गावे ‘सेवेखाली’ येतात. पण बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई पक्ष्यासारखी सरळ रेषेत जात नाही. तिला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, ओढा ओलांडावा लागतो, मग रस्त्याला लागल्यावर १०८ ची वाट पाहावी लागते. भामरागडने पर्लकोटा नदीच्या पुरामुळे बाहेरच्या जगाशी संपर्क तुटण्याचा अनुभव वर्षानुवर्षे घेतला आहे. तिथे मे महिन्यातले अंतर आणि ऑगस्टमधले अंतर एक नसते. चढउतार, रस्त्याची प्रत, नदीनाले आणि चालण्याचा वेग लक्षात घेऊन दवाखान्यापर्यंत लागणारा ‘वेळ’ काढण्याची साधने आज उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची ‘अ‍ॅक्सेसमॉड’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. सर्पदंशात, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात किलोमीटर मोजून उपयोग नसतो, मिनिटे मोजावी लागतात. तरीही किलोमीटरचेच तक्ते भरले जातात.

रोग आणि जमीन यांचे नाते समजून घ्यायलाही नकाशा लागतो. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे तो पश्चिम घाटात पसरत २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात प्रकर्षाने दिसला. गोचिडीतून होणारा हा ताप घनदाट जंगलापुरता राहत नाही. जंगल, बागायत आणि गुरांची ये-जा जिथे एकमेकांत मिसळते तिथे धोका अधिक, असे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणजे वनविभागाकडचा वृक्षाच्छादनाचा थर, पशुसंवर्धन विभागाकडची गुरांची संख्या, कृषी विभागाकडची काजू बागायतीची नोंद आणि आरोग्य विभागाकडचे रुग्ण, हे चारही एका नकाशावर आले तर पुढच्या हंगामात काळजी कुठे घ्यायची याचा अंदाज बांधता येईल. चारही थर सरकारकडेच आहेत. फक्त चार कार्यालयांत आहेत.

मात्र नकाशा काढला की सत्य सापडले, अशा भ्रमातही राहू नये. रोगाच्या नकाशावर कोरा दिसणारा तालुका रोगमुक्त असेलच असे नाही. तिथे प्रयोगशाळा नसेल, तपासणी होत नसेल, कोणी कळवतच नसेल. जिथे तपासणी अधिक तिथे ठिपके अधिक, हे लक्षात न घेता निधी वाटला तर जो अंधारात आहे तो अंधारातच राहतो. दुसरी काळजी खासगीपणाची. स्नो यांनी प्रत्येक मृत्यू घराच्या जागी रेघ ओढून दाखवला. आज क्षयाच्या किंवा कुष्ठरोगाच्या रुग्णाचे घर असे ठिपक्याने दाखवले, तर पन्नास उंबऱ्यांच्या वस्तीत तो ठिपका म्हणजे नाव-गाव जाहीर करण्यासारखेच. उपचार करणाऱ्याला घर कळावे, बाकीच्यांना केवळ परिसर कळावा, ही शिस्त तंत्रज्ञांनी आधीच आखून द्यायला हवी. नाहीतर मदतीसाठी काढलेला नकाशा बहिष्काराचे साधन होईल.

पूर्वी एक सबब सांगता येत असे. नकाशे गोपनीय, परवानग्या किचकट. ती सबब आता राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने उठवली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. शहरे आणि ग्रामीण भागांचे पाच ते दहा सेंटिमीटर इतक्या बारकाईने आणि वनक्षेत्र व पडीक जमिनीचे पन्नास ते शंभर सेंटिमीटर बारकाईने सर्वेक्षण करायचे, असे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट त्यात आहे. यातली मेख लक्षात घ्यावी. आपले पाडे बहुतांश वनक्षेत्राच्या आत किंवा कडेला आहेत. म्हणजे ज्यांना बारकाईची गरज सर्वात जास्त, त्यांच्या वाट्याला ठोकळ नकाशा येण्याची भीती आहे. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेतही ड्रोन उडतात, पण योजनेचा रोख गावठाणावर आणि मालमत्तेच्या हक्कावर. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ देशातल्या प्रत्येक चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत देतो. एकट्या रायगडात ठाकूरवाडी नावाच्या वाड्या एकीहून अधिक असताना रुग्णवाहिकेला नेमक्या वाडीत आणायला असा संकेत उपयोगी पडेल. पण तो पाड्यावरच्या आशाला कोणी समजावून सांगितला तर.

आशाचे नाव इथे मुद्दाम घेतले. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा हा नियम असला, तरी डोंगरी आणि आदिवासी भागांत तो शिथिल करून वस्तीगणिक एक आशा नेमण्याची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. म्हणजे महसुली नोंदींनी जो पाडा पाहिला नाही तो आरोग्य खात्याने केव्हाच पाहिला आहे. आशाच्या वहीत घरांची यादी आहे, गरोदर बायकांची नोंद आहे, कुठल्या ओढ्याला पावसाळ्यात पाणी येते हे तिला तोंडपाठ आहे. सोहोच्या पाद्र्याकडे जे होते ते आज हिच्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला नागपूरचे महाराष्ट्र दूरसंवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून उपग्रह छायाचित्रांचे काम करीत आहे. ही दोन टोके जोडायला नवे तंत्र लागत नाही. लागतो तो एक शासन आदेश, थोडे प्रशिक्षण आणि आशाला त्या कामाचा वेगळा मोबदला. आधीच अनेक कामांच्या ओझ्याखाली असलेल्या बाईवर हे फुकटचे काम लादले, तर नकाशा कागदावरच तयार होईल.

म्हणून यापुढे आपल्या राज्यात किंवा विभागात अशी परिषद भरेल तेव्हा तिने काही गोष्टी अजेंड्यावर घ्याव्यात. वाडी, वस्ती, पाडा यांना स्वतःचा कायम सांकेतांक द्यावा आणि तोच महसूल, आरोग्य, वन आणि आपत्ती व्यवस्थापन अशा सर्व खात्यांनी वापरावा, हा ठराव पहिला. आरोग्य केंद्रांचे अंतर पावसाळ्यातल्या वेळात मोजून दरवर्षी मेअखेर जाहीर करावे, हा दुसरा. प्रत्येक जिल्हा आरोग्य कार्यालयात नकाशाचे शिक्षण घेतलेला निदान एक माणूस असावा, हा तिसरा. आणि परिषदेचे निदान एक सत्र मराठीत व्हावे, त्यात व्यासपीठावर परिचारिका आणि आशा बसाव्यात आणि समोर तज्ज्ञांनी बसून ऐकावे, हा चौथा. भूकंपानंतर २०१० मध्ये हैतीच्या राजधानीचा नकाशा जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरबसल्या काही दिवसांत काढला होता. हजारो मैलांवरच्या अनोळखी शहरासाठी जे शक्य झाले ते आपल्याच महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यासाठी करता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मसुरीत जमलेल्यांपुढे प्रश्न होता, आपली किती भूमी मोजली गेली आहे. आजचा प्रश्न, आपली किती माणसे त्या नकाशात आहेत, हा आहे. ‘कोणीही मागे राहता कामा नये’ हे वाक्य हैदराबादेत फलकावर शोभून दिसले. ते खरे व्हायचे, तर पुढच्या परिषदेतल्या पहिल्या वक्त्याने पडद्यावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा लावावा आणि समोर बसलेल्या आशाला एवढेच विचारावे, ‘ताई, तुमचा पाडा यात कुठे आहे?’ तिला तो सापडला नाही, तर परिषदेचे काम तिथूनच सुरू व्हावे.